नाना, पाइपलाइन आणि पडद्यातली बाई

माझ्या साडूने नवी गाडी घेतली याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात यावर कुणाचाच विश्वास नाही. वाईट वाटलं ते त्या गाडीतल्या पडद्याचं. माझ्या गाडीत जिथे एक रेडिओ आहे, आणि त्या रेडिओच्या पोटात कायमची अडकलेली एक सीडी आहे, तिथे साडूच्या गाडीत ताटाएवढा पडदा आहे. त्यावर नकाशा दिसतो, गाणी दिसतात, गाडी मागे घेताना मागची भिंत दिसते, आणि आतून एक बाई रस्ता सांगते. भिंत काय, मलाही दिसते. धडकल्यावर दिसते, एवढाच फरक.

तोवर बायकोच्या माहेरच्या गोतावळ्यात गाडी एकच होती आणि ती माझी होती. मी धाकटा जावई असूनही माझं वजन होतं ते त्या चार चाकांवर. कुणाला दवाखान्यात न्यायचं असो की स्टेशनवरून आणायचं असो, फोन मला यायचा. मी आधी थोडे आढेवेढे घ्यायचो आणि मग जायचो. मोठा जावई असून साडू स्कूटरवर, हेल्मेट काखेत मारून यायचा आणि मी अंगणात गाडी लावताना लांबून बघायचा. फार समाधानाचे दिवस होते ते.

नवी गाडी घेऊन साडू पहिल्यांदा सासरी आला तेव्हा त्याने सासऱ्यांना, म्हणजे नानांना, एक फेरी मारून आणली. नाना परत आले, कोचावर टेकले आणि म्हणाले, "फार नम्र बाई आहे ती. एकदाही आवाज चढवला नाही." हे ऐकून बायकोने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं माझ्या गाडीबद्दल होतं की माझ्या आवाजाबद्दल, हे मी अजून विचारलेलं नाही. पण पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथून. हेवा म्हणा, मत्सर म्हणा, जे असेल ते. मी मोठ्या मनाचा माणूस आहे, फक्त हा एक विषय सोडून.

आता नाना आणि माझी गाडी यांचं नातं सांगायला हवं. नानांची सारी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. त्यामुळे आपण जे शहर जमिनीवर बघतो ते नाना जमिनीखाली बघतात. माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसले की त्यांचं बोट वर होई. "धाकटे, इथून खाली बाराची लाइन जाते. तिच्याबरोबर चला." बाराची म्हणजे बारा इंची. "पुढे जॉइंट आहे, तिथे डावीकडे." मला समोर चपलांचं दुकान दिसे आणि नानांना जॉइंट दिसे. शिवाय प्रत्येक जॉइंटची एक गोष्ट असे. तो कधी फुटला, कोण साहेब वर उभा राहून ओरडत होता, कोण खाली चिखलात उतरलं. गोष्ट संपेपर्यंत वळण मागे पडलेलं असे.

पाइपलाइनला एकदिशा मार्गाचं बंधन नसतं, ही अडचण वेगळीच. एकदा आम्ही अशा लाइनच्या मागोमाग थेट एका शाळेच्या मैदानात निघालो. समोर कवायत चालली होती. मी गाडी थांबवली तर नाना म्हणाले, "लाइन इथूनच जाते, त्या मुलांना जरा बाजूला व्हायला सांगा." मुख्याध्यापकांशी जे बोलणं झालं ते मला एकट्यालाच करावं लागलं.

खरं सांगतो, मला या प्रकाराचा त्रास व्हायचा. घरी आल्यावर मी बायकोपाशी कुरकुर करायचो. पण तो माझा हक्काचा त्रास होता. तेच नाना दुसऱ्याच्या गाडीत बसून एका परक्या बाईचं मुकाट्याने ऐकतात, आणि वर तिची तारीफ करतात, हे माझ्याच्याने सहन होईना.

त्यातच ती बातमी आली. नानांनी जिथे उमेदीची वर्षं काढली ते जुनं पंपघर, आता दुसरीकडे नवं झाल्यामुळे, बंद होणार होतं. रविवारी सगळे निवृत्त कर्मचारी जमणार होते आणि शेवटचा व्हॉल्व्ह नानांच्या हातून बंद व्हायचा होता. नाना शर्टाची इस्त्री आठवडाभर आधीपासून तपासत होते.

"ताई म्हणत होती, नानांना भाऊजीच नेतील," बायको मोठ्या बहिणीचा फोन ठेवत म्हणाली. "गाडी मोठी आहे आणि रस्ता चुकायचा प्रश्न नाही."

ते शेवटचं वाक्य नाकाला मिरची झोंबावी तसं झोंबलं.

"नानांना मी नेणार," मी म्हणालो.

"अहो, पण त्या दिवशी वेळेवर पोचायला हवं. आपल्या गाडीत..."

"आपल्याही गाडीत पडदा येतोय."

"कोण बसवणार?"

"मी."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि गॅस बारीक केला. आमच्या संसारात मी याआधी एक नळ, एक फळी आणि एक पंखा बसवलेला आहे, आणि तिन्ही वेळा नंतर जाणकार माणसाला बोलवावं लागलं आहे. पण माझा विचार पक्का होता. दुकानातून पडदा बसवून आणला तर काय मोठेपणा? साडूनेही विकतच आणला होता. स्वतः बसवला की लोक आपणहून विचारतात, "कुणी बसवला?" मग आपण काच पुसता पुसता सहज म्हणायचं, "मीच." हे "मीच" मी आरशासमोर दोन-तीन तऱ्हांनी म्हणून बघितलं होतं.

खोकं आलं तसं मी ते घेऊन खाली पार्किंगमध्ये उतरलो. डॅशबोर्डला स्क्रू ड्रायव्हर लावतो न लावतो तोच आमच्या सोसायटीचे सचिव समोर उभे राहिले.

"आवारात गाडीची दुरुस्ती करायला मनाई आहे," ते म्हणाले.

"ही दुरुस्ती नाही. काहीही बिघडलेलं नाही."

"मग नवीन काम म्हणायचं. नवीन कामाला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो."

"सभा कधी आहे?"

"गेल्याच महिन्यात झाली. आता पुढच्या वर्षी."

बऱ्याच वादावादीनंतर ही 'सजावट' आहे असं ठरलं. सजावटीला परवानगी लागत नव्हती. पण सजावटीला स्क्रू ड्रायव्हर कशाला, असा पुढचा मुद्दा त्यांनी काढला. शेवटी आवाज करायचा नाही आणि सचिवांनी जातीने हजर राहायचं, या दोन अटींवर तडजोड झाली. हजर राहायचं म्हणून त्यांनी खुर्ची मागवली. एक खुर्ची खाली आली की आमच्याकडे दुसरी आपोआप येते. दुसरीवर वरच्या मजल्यावरचे काका येऊन बसले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि कुणीही कसलीही तार हातात घेतलेली दिसली की एकच प्रश्न विचारतात. दिवाणखान्यातला बल्ब बदलताना बाल्कनीतून ओरडून विचारतात.

"बॅटरीची तार काढली का?"

"बघतो," मी म्हणालो. काढली नव्हती. पण त्यांनी विचारल्यावर काढणं म्हणजे त्यांच्या सांगण्यावरून काढल्यासारखं झालं असतं.

मोबाइलवरच्या व्हिडिओत एक गोरागोमटा माणूस दोन बोटांनी डॅशबोर्डची पट्टी डब्याचं झाकण काढावं तशी काढतो. माझी पट्टी निघेना. जरा जोर लावला तर आतून 'कट्' असा आवाज आला. आणखी जोर लावला तर 'कट् कट्' आला.

"हा आवाज धरायचा का?" सचिवांनी काकांना विचारलं.

"प्लॅस्टिकचा आहे," काका म्हणाले. "बॅटरीची तार काढली का?"

पट्टी निघाली तेव्हा तिच्या अर्ध्या खिट्ट्या आतच राहिल्या होत्या. रेडिओ ओढला, तर त्याच्यामागून तारांचं एक भेंडोळं बाहेर आलं. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मी तारा सोडवण्यापूर्वी त्यांचा फोटो काढला. ही हुशारी माझ्या लक्षात राहिली याचा मला अभिमान वाटला. तारा सोडवल्यावर फोटो उघडला, तेव्हा कळलं की पार्किंगमधला दिवा पिवळा आहे. फोटोतल्या सगळ्या तारा एकजात पिवळट तपकिरी आल्या होत्या. लाल, नारिंगी, तपकिरी, सगळ्या सख्ख्या बहिणी.

तशात पडदा खाचेपेक्षा बोटभर मोठा निघाला. मी कानस घेऊन खाच घासायला लागलो. सचिव म्हणाले की घासणं हे सजावटीत बसत नाही. मी म्हणालो, नखं घासतात ती सजावटच असते. ते विचारात पडले आणि तेवढ्यात मी खाच मोठी केली. मग अंदाजाने एक तार दुसरीला जोडली. आत एक ठिणगी उडाली, जळका वास आला आणि गाडीतले होते नव्हते ते सगळे दिवे गेले.

या वेळी काकांनी काही विचारलं नाही. ते फक्त खुर्चीत मागे रेलले. ते रेलणं मला त्या ठिणगीपेक्षा जास्त लागलं.

आणि नेमका याच वेळी साडू आला. ताईने बायकोसाठी पाठवलेली पिशवी द्यायला आला होता. त्याने गाडी बरोबर माझ्या शेजारी लावली. त्याचा पडदा निळाशार उजळलेला होता आणि ती बाई म्हणत होती, "आपण पोचला आहात." मी डॅशबोर्डखाली डोकं घालून पडलो होतो, त्यामुळे साडूला माझे फक्त पाय दिसत होते. मी पाय शक्य तितके रुबाबदार ठेवले.

"काही मदत करू का?" त्याने विचारलं.

"छे, होतच आलंय."

तो उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, "तुमचं बरंय बुवा. तुमच्या गाडीत नाना किती बोलतात. माझ्याकडे बसले की दहा मिनिटांत डोळे मिटतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नव्या गाडीची टिमकी वाजवायची ही काय पद्धत? म्हणजे माझ्या गाडीत नाना बोलतात ते खड्ड्यांनी झोप लागत नाही म्हणून, आणि याच्या गाडीत पाळण्यात असल्यासारखे झोपतात. मी आतूनच म्हणालो, "आता माझ्याकडेही झोपतील." तो पिशवी ठेवून निघून गेला.

फ्यूज बदलले. तारा पुन्हा जोडल्या. पडदा लागला एकदाचा, पण गाडीचा स्वभाव बदलला. डावा इंडिकेटर दिला की गाणं बदलायचं. ब्रेक दाबला की नकाशा उलटा व्हायचा. हॉर्न वाजवला की हॉर्नच्या आधी बाई बोलायची, त्यामुळे समोरच्याला बाजूला व्हायला आधी विनंती ऐकू जायची आणि मग भोंगा. शनिवारी मी तोंड लपवत गाडी ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे नेली. तो आडव्या बांध्याचा, सतत कावलेला माणूस. त्याने डॅशबोर्डखाली टॉर्च मारून पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला ज्याच्यासाठी मी एवढा खटाटोप केला होता.

"कुणी बसवला?"

"गाडी घेतली तेव्हापासूनच आहे," मी म्हणालो.

"ज्याने बसवला ना, त्याला माझ्याकडे पाठवा एकदा." त्याने संध्याकाळपर्यंत खटपट करून बाकीचं जागेवर आणलं. "पण बाई आणि हॉर्न एकाच तारेवर राहिलेत," तो हात पुसत म्हणाला. "बाईचा आवाज बंद केला की हॉर्नपण बंद. वेगळं करायचं तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. रविवारनंतर या."

मी म्हटलं, असू दे. जिला आणायला एवढा जीव आटवला तिला गप्प कशाला करायची?

रविवारची वाटणी बायकोने आणि ताईने फोनवरच करून टाकली होती. नाना जाताना माझ्या गाडीत, येताना साडूच्या. मला ती मान्य होती. पंपघराच्या दारात सगळ्यांच्या देखत नाना उतरणार ते माझ्या गाडीतून, मग येताना बैलगाडीतून येईनात का.

नाना कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले. बायको मागे. आमच्या मागे साडूची गाडी. पहिल्याच चौकात नानांचं बोट वर झालं. "धाकटे, इथून..."

"दोनशे मीटरवर उजवीकडे वळा," बाई म्हणाली.

नानांचं बोट तसंच राहिलं. "डावीकडून जवळ पडतं. अठराची लाइन सरळ पंपघरालाच जाते. तिथे एकदा आम्ही..."

"उजवीकडे वळा."

आरशात साडूची गाडी दिसत होती. आता मी डावीकडे वळलो असतो तर त्याने काय म्हटलं असतं? पडदा बसवला पण चालवता येत नाही, असंच ना? मी उजवीकडे वळलो.

"बरोबर आहे," नाना म्हणाले. "तिला माहीत असणार." त्यांनी बोट खाली घेतलं आणि हात मांडीवर ठेवला. पुढे एकदा त्यांनी तोंड उघडलं होतं, पण त्याच क्षणी बाई बोलायला लागली, आणि बाईमाणूस बोलत असताना मध्ये बोलणं नानांच्या स्वभावात नाही. बाई थांबेपर्यंत तो जॉइंट मागे गेलेला होता. मग ते खिडकीबाहेर बघत बसले.

आम्ही वेळेआधी पोचलो. एकही चूक नाही, एकही शाळेचं मैदान नाही. नाना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान आणलंत." मी साडूकडे अशा नजरेने पाहिलं की जिचा त्याला आयुष्यभर विसर पडू नये.

"नाना काय म्हणत होते वाटेत?" त्याने विचारलं.

"काही नाही. एकदम निवांत."

"अच्छा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उगाचच खुलला. मला त्याचा अर्थ लागला नाही.

पंपघराच्या पायऱ्यांवर नानांचे जुने सोबती जमले होते. या लोकांची एक रीत मला त्या दिवशी कळली. ते भेटले की एकमेकांना कसे आहात म्हणून विचारत नाहीत. "कुठल्या लाइनने आलास?" म्हणून विचारतात. एक जण म्हणाला, मी चोवीसने आलो, मध्ये ते जुनं गळतीचं ठिकाण बघून आलो. दुसरा म्हणाला, मी दहाने आलो, वाटेत आपण बसवलेला व्हॉल्व्ह अजून कोरडा आहे. ज्याने त्याने आपली लाइन सांगितली की बाकीचे मान हलवायचे. मग कुणीतरी विचारलं, "आणि नाना, तुम्ही?"

"काय की," ते म्हणाले. "एका बाईने आणलं."

सगळे खळखळून हसले. नानाही हसले. पण हसता हसता त्यांनी शर्टाची बाही सारखी केली, जी मुळातच सारखी होती. मला तिथे उभं राहवेना. मी उगाच जाऊन गाडी पुसू लागलो. काच पुसता पुसता साडूचं ते पाय बघत बोललेलं वाक्य मला पुन्हा ऐकू आलं आणि या वेळी नीट ऐकू आलं. तो टिमकी वाजवत नव्हता. माझ्यावर जळत होता. आणि जळण्यासारखं माझ्याकडे जे काही होतं ते मी स्वतःच्या हाताने उपटून तिथे पडदा लावला होता.

नानांनी व्हॉल्व्ह फिरवला, पंपाची घरघर थांबली, चहा झाला. नाना साडूच्या गाडीत पुढे बसले. मी आत डोकावलो. त्याचा पडदा काळा ठिक्कर होता.

"बिघडला वाटतं?" मी आशेने विचारलं.

"नाही, बंद केलाय," साडू म्हणाला. मग तो नानांकडे वळला. "नाना, कुठून घेऊ?"

नाना सीटवर सरसावून बसले. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आणि बोट जमिनीकडे झालं.

नाना, साडू आणि ताई पुढच्या गाडीत आणि आम्ही मागे. त्यांची गाडी अशा बोळात शिरली जिथे सायकलवाले उतरून चालतात. ताईचं हसणं आमच्यापर्यंत ऐकू येत होतं. नानांचा हात कधी उजवीकडे, कधी डावीकडे होत होता आणि साडूची मान त्या हाताबरोबर हलत होती. माझ्या गाडीत बाई सारखी म्हणत होती, "शक्य असेल तिथे मागे फिरा. शक्य असेल तिथे मागे फिरा."

"अहो, तिला गप्प करा ना," बायको मागून म्हणाली.

"हॉर्न बंद होतो," मी म्हणालो.

"मग होऊ द्या."

पण मी नाही केली. एवढं करून सवरून तिला गप्प करायची म्हणजे साडूसमोर हार खाण्यासारखं होतं.

बोळाच्या टोकाला त्यांची गाडी थांबली. नाना आणि साडू उतरले. भिंतीपाशी जमिनीतून कंबरेएवढा एक लोखंडी पाइप वर आलेला होता. नानांनी त्याच्यावर दोनदा टिचकी मारली, साडूला वाकवलं आणि त्याचा कान त्या पाइपाला लावला. साडू डोळे मिटून ऐकू लागला. नाना त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. इतकी वर्षं मी त्यांना इकडून तिकडे नेलं, पण नानांनी मला कधी पाणी ऐकवलं नव्हतं. कदाचित मी कधी गाडीतून उतरलोच नव्हतो. माझ्या पोटात इतकं दुखलं की साडूने गाडी घेतली तेव्हाही तेवढं दुखलं नव्हतं.

"शक्य असेल तिथे मागे फिरा," बाई म्हणाली.

नानांनी वळून पाहिलं. "धाकटे," त्यांनी हाक मारली, "त्या बाईंना जरा थांबायला सांगा. पाणी ऐकू येत नाहीये."

मी किल्ली फिरवली. बाई वाक्याच्या मध्येच थांबली. मी उतरलो, भिंतीपाशी गेलो आणि पाइपाला कान लावून वाकलेल्या साडूला खांद्याने ढकलून म्हणालो, "जरा सरका."